उत्स्फूर्त आंदोलनं आणि लोकशाही: मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१७ सप्टेंबरच्या आसपास महाविद्यालयांत मराठवाडा मुक्तिसंग्रामावर, म्हणजे निजामाविरुद्धच्या लढ्यावर, बोलायला जातो. भाषणात मुलं शांत असतात, पण बाहेर चहाच्या टपरीवर गाठून विचारतात ते खरे प्रश्न. गेल्या काही वर्षांत तेच प्रश्न पारावर, उपोषणाच्या मंडपात आणि घरच्या जेवणाच्या ताटावरही ऐकले. उत्तरं माझी आहेत. पटली नाहीत तर वाद घाला.

‘उत्स्फूर्त’ म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे पेपरात प्रत्येक बंद उत्स्फूर्तच असतो.

खरं आहे, बातमीत हा शब्द फार स्वस्त झालाय. मी तो एवढ्याच अर्थाने वापरतो: ज्या कृतीची तारीख कुठल्या पक्षाच्या कार्यालयात ठरली नाही, ज्यासाठी कोणी गाड्या पाठवल्या नाहीत आणि जी करताना लोकांना स्वतःलाही सकाळपर्यंत माहीत नव्हतं की आपण हे करणार आहोत.

एका मे महिन्यात जालना जिल्ह्यातल्या एका फाट्यावर हे मी डोळ्यांनी पाहिलं. गावात चार दिवस टँकर आला नव्हता. सकाळी साडेसातला दोन बायका रिकाम्या घागरी घेऊन डांबरी रस्त्याच्या मधोमध बसल्या. आठ वाजेपर्यंत चाळीसेक झाल्या. एसटी थांबली, मागे दुधाचा टेम्पो थांबला. टेम्पोवाला आधी हॉर्न वाजवत होता, मग खाली उतरून बाभळीच्या सावलीला बसला. साडेदहाला तालुक्याहून साहेब आले. संध्याकाळपर्यंत टँकर येतो, रस्ता मोकळा करा, म्हणाले. बऱ्याच जणी उठायला लागल्या. एक म्हातारी मात्र जागची हलली नाही. ‘तोंडी नको साहेब, कागदावर लिहा. किती खेपा, किती वाजता, ते बी लिहा.’ साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं. खाली सही केली. म्हातारी म्हणाली, ‘शिक्का?’ शिक्का कचेरीत होता. शिपाई परत पाठवून तो आणवला, तेव्हा रस्ता मोकळा झाला.

रस्त्यावर बसणं उत्स्फूर्त होतं. कागद मागणं हे मात्र त्या म्हातारीचं आयुष्यभराचं शिक्षण होतं. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी या कागदाकडेच परत येणार आहे.

पण खरं सांगा, मागे कोणीतरी असतंच ना?

मागे काहीतरी असतंच. कोणीतरी असतोच असं नाही.

नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि निजाम सरकारला ते चालणार नव्हतं. मुलं हटली नाहीत, लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं, शेकडो मुलांची नावं काढून टाकली गेली. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. संस्थानातून नागपूरला गेलेल्या या पिढीतलेच पी. व्ही. नरसिंह राव पुढे देशाचे पंतप्रधान झाले. त्या मुलांना कुठल्या पुढाऱ्याने वसतिगृहात येऊन सांगितलं नव्हतं की उद्यापासून गा.

पण त्याआधीची वीस वर्षं बघा. राजभाषा उर्दू असलेल्या राज्यात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली होती. अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते. गावोगाव वाचनालयं होती आणि संस्थानातल्या मराठी माणसांची पहिली महाराष्ट्र परिषद १९३७ मध्ये परतूरला भरली होती. राजकीय सभा घ्यायला बंदी, म्हणून लोक पुस्तकं, भजनं, गणेशोत्सव यांतून एकमेकांना ओळखत होते. ती ओळख नसती तर वसतिगृहात एकाने गायला सुरुवात केल्यावर बाकीच्यांनी सूर धरलाच नसता. माळरानावर वणवा पेटतो तेव्हा काडी एकच असते, पण गवत वर्षभर वाळत आलेलं असतं.

म्हणून ‘मागे कोण आहे’ हा प्रश्न पोलिसांनी विचारावा. आपण विचारायचं ते हे, की हे लोक इतके दिवस कशामुळे वाळत होते.

मुक्तिसंग्राम पुढाऱ्यांनी जिंकला की लोकांनी? की लष्कराने?

शेवटचा घाव लष्कराचा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. पण त्याआधीचं वर्ष लोकांचं होतं. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली, त्यांच्या स्टेट काँग्रेसचा वरचा थर तुरुंगात गेला, आणि लढा थांबायच्या ऐवजी गावागावांत पसरला. लोकांनी करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके जाळले, लेव्हीचं म्हणजे सक्तीच्या वसुलीचं धान्य द्यायला नकार दिला, सरकारला अबकारी उत्पन्न देणारी शिंदीची झाडं रातोरात तोडली. हे सगळंच कोणाच्या आदेशाने होत नव्हतं. मनमाड, उमरखेड, बार्शीकडच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांनी त्याला दिशा आणि शस्त्रं दिली. दोन्ही एकमेकांशिवाय अपुरे होते.

लोक आपणहून उठतात तेव्हा ते बरोबरच असतात का?

नाही. हे उत्तर मी कधीही गाळत नाही, भाषण कितीही सणाचं असलं तरी.

पोलीस ॲक्शन, म्हणजे सप्टेंबर १९४८ ची ती लष्करी कारवाई झाली, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांचा जाच संपला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक गावांत मुसलमान शेजाऱ्यांवर हल्ले झाले. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावर निघाला. केंद्र सरकारच्या वतीने फिरलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत असा अंदाज नोंदवला. सगळ्यात वाईट स्थिती असलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले दोन होते. गावच्या जमावाबरोबर बाहेरून आलेल्या हत्यारबंद टोळ्या होत्या आणि काही ठिकाणी गणवेशातली माणसंही सामील होती, असंही समितीने लिहिलं. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. आपल्या भागात आजही म्हातारी माणसं त्या दिवसांबद्दल आवाज खाली करून बोलतात. मी ते ऐकलं आहे, आणि त्यानंतर ‘जनतेचा उद्रेक’ हे शब्द मला सहज लिहिता आलेले नाहीत.

तीस वर्षांनी पुन्हा तेच. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. लगेच दंगे सुरू झाले. विद्यापीठाच्या नावाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा खेड्यांतल्या दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. तेव्हाही म्हटलं गेलं, लोकभावना आहे. ज्याच्या हातात मशाल आहे त्याची भावना मोजायची आणि ज्याचं घर जळतंय त्याची नाही, असा तो हिशेब होता.

माझी कसोटी साधी आहे. जमाव सत्तेकडे तोंड करून उभा आहे की आपल्याहून दुबळ्या माणसाकडे? कचेरीकडे गेलेला मोर्चा चुकला तरी दुरुस्त करता येतो. वस्तीकडे वळलेला मोर्चा त्या क्षणी लोकशाहीच्या बाहेर पडलेला असतो.

नामांतराच्या बाजूने झालेली आंदोलनं उत्स्फूर्त होती की संघटित?

दोन्ही, आणि सोळा वर्षं. नागपूरच्या दीक्षाभूमीहून जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली निघालेला १९७९ चा लाँग मार्च ठरवून काढलेला होता. पण मार्चला वाटेत अडवल्यावर ठिकठिकाणी जी माणसं घराबाहेर पडली, तुरुंग भरले, त्यांना पत्रक गेलेलं नव्हतं. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडला याच मागणीसाठी गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, म्हणजे ‘मराठवाडा’ कायम ठेवून त्याआधी बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. ठराव १९७८ चा, अंमल १९९४ चा. एक कागद सभागृहात मंजूर होऊनही सोळा वर्षं जिवंत ठेवावा लागतो, आणि तो जिवंत ठेवण्यात माणसं जातात. आजही १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर रात्रीपासून रांग लागते. गेटच्या कमानीला हात लावून कपाळाला लावणारी माणसं तिथे दिसतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरात पदवीधर झालेली ती पहिलीच पिढी असते.

१९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनातून मिळालं काय?

एक शब्द मिळाला: अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागाची थकलेली बाकी. मी हे कमी लेखून म्हणत नाही.

त्या वर्षी गुजरातमध्ये वसतिगृहाच्या मेसचं बिल वाढल्यावरून सुरू झालेल्या नवनिर्माण आंदोलनाने फेब्रुवारीत मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यायला लावला होता. आपल्याकडेही विद्यार्थीच उठले. नोकऱ्या, ब्रॉडगेज रेल्वे, पाणी, कारखाने. १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्यांची हमी दिली होती. तो कागद वीस वर्षं फडताळात होता. मुलांनी तो बाहेर काढला.

मुलं परीक्षांना परत गेली. पण मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसं घरी गेली नाहीत. मराठवाडा जनता विकास परिषदेने आकडे मागायला सुरुवात केली: किती एकर भिजतं, किती किलोमीटर रस्ते, दर लाख माणसांमागे किती खाटा. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि राग पहिल्यांदा सरकारी तक्त्यांत आला. १९९४ मध्ये मागास भागांना निधीचा न्याय्य वाटा मिळावा म्हणून वैधानिक विकास मंडळं आली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली, तेव्हा कोरोनाच्या टाळेबंदीत रस्त्यावर कोणी नव्हतं. वीस वर्षांच्या खटपटीने आलेली गोष्ट एका संध्याकाळी गेली आणि बहुतेकांना ते कळलंही नाही. मला त्याची अजून खंत वाटते.

निवडणुका आहेत, कोर्ट आहे. मग रस्त्यावर कशाला? खुद्द बाबासाहेबांनीच याला अराजक म्हटलं होतं ना?

म्हटलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी सांगितलं, की सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार हे मार्ग सोडून दिले पाहिजेत, ते अराजकाचं व्याकरण आहे. हे वाक्य आंदोलकांच्या तोंडावर फेकणारे एक विसरतात: अट ‘सनदशीर मार्ग खुले असताना’ अशी आहे. आणि हे सांगणारा माणूस महाडच्या तळ्यावर आणि काळाराम मंदिराच्या दारात उभा राहिलेला होता.

शिवाय शांततेने जमणं हा सनदशीर मार्गच आहे, तो कलम १९ मध्ये लिहिला आहे. मत पाच वर्षांनी एकदा देता येतं. टँकर चार दिवस येत नाही तेव्हा काय करायचं, याचं उत्तर मतपेटीत नसतं.

मात्र उलटी चूकही करू नका. १९७२ च्या दुष्काळात काम मागायला लाखो लोक बाहेर पडले. दुष्काळी कामांवर एका टप्प्याला राज्यात सुमारे ५० लाख माणसं होती, आणि खडी फोडणाऱ्या बायकांनी मजुरीसाठी घातलेले घेराव कुठल्याही आमदाराच्या भाषणापेक्षा परिणामकारक ठरले. पण रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला तो विधिमंडळात, वि. स. पागे यांच्यासारख्यांनी योजना बांधली म्हणून. रस्त्याने कायदा लिहिता येत नाही. लिहायला भाग पाडता येतं.

मराठा आरक्षणाच्या मूक मोर्च्यांना नेता नव्हता. ते बळ होतं की उणीव?

९ ऑगस्ट २०१६ ला पहिला मोर्चा औरंगाबादच्या क्रांती चौकातून निघाला. कोपर्डीत शाळकरी मुलीवर झालेल्या बलात्कार आणि खुनानंतरचा राग, आणि तरीही घोषणा नाही. पुढे मुली, मागे बायका, मग पुरुष, आणि पुढारी असतील तर सगळ्यात शेवटी. निवेदन मुलींनी वाचलं. मोर्चा सरकल्यावर मागून पोरं पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करत येत होती. राज्यभर असे पन्नासवर मोर्चे निघाले.

नेता नसल्यामुळे कोणाला विकत घेता आलं नाही, फोडता आलं नाही. हे बळ. पण सरकारशी टेबलावर बसायची वेळ आली तेव्हा बसणार कोण, हे ठरत नव्हतं. दोन वर्षांत शांतता संपली. २३ जुलै २०१८ ला कायगाव टोका इथे काकासाहेब शिंदे या तरुणाने गोदावरीत उडी घेतली. त्या वर्षी मराठा आरक्षणाचा कायदा झाला, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

मग २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे उपोषणाला बसले. सुरुवातीला त्याची फारशी दखल नव्हती. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि एका रात्रीत गाव राज्याच्या नकाशावर आलं. या वेळी आंदोलनाला चेहरा होता आणि मागणीला कागद होता: निजामकाळातल्या कुणबी नोंदी. २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय त्यातूनच आला. आरक्षण कोणाला किती असावं यावर इथे बोलत नाही. पण जुनी दप्तरं शोधायला लावणारं आंदोलन हे आपल्या भागाचं खास आहे.

त्याच आंदोलनाच्या काळात, ऑक्टोबर २०२३ अखेरीस, बीड जिल्ह्यात लोकप्रतिनिधींची घरं पेटवली गेली. आणि अंतरवालीच्या जवळच वडीगोद्रीत २०२४ मध्ये ओबीसींच्या बाजूचं उपोषण बसलं. एकाच तालुक्यात, एकाच रस्त्यावर दोन मंडप. दोन्हींत शेतकऱ्यांचीच पोरं. मी दोन्हीकडे गेलो, दोन्हीकडे चहा घेतला, आणि दोन्हीकडे मला विचारलं गेलं की तिकडे कशाला गेला होता. गावातली बोलाचाली तुटणं हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

अशा लाटेचं मतांत रूपांतर होतं का?

कधी होतं, कधी नाही. २०२४ च्या लोकसभेला मराठवाड्यातल्या ८ पैकी एकच जागा महायुतीला मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला चित्र पूर्ण पालटलं. लाट म्हणजे पक्ष नव्हे, तिला बूथवर बसणारी माणसं नसतात.

परवानगी नसेल तर जमणं गुन्हा आहे का? जमावबंदीचं १४४ लागलं की संपलं का?

१४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालंय, आणि जिल्ह्यात बहुतेक वेळा लागू असतं ते महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७. आदेश लागू असताना जमलात तर गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. पण आदेश काढणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं. २०२० मध्ये माजलगावला नागरिकत्व कायद्याविरोधात बसू पाहणाऱ्यांना परवानगी नाकारली गेली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने १३ फेब्रुवारीला ते आदेश रद्द केले. एखाद्या कायद्याला विरोध करायचा आहे एवढ्यावरून कोणाला देशद्रोही म्हणता येत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट लिहिलं. बीड जिल्ह्यातल्या प्रकरणातला हा निकाल आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ हवा.

आंदोलनाआधीच पोलिसांची नोटीस आली, जिला अजून सगळे ‘१४९ ची नोटीस’च म्हणतात, तर घाबरू नका आणि फाडूही नका. घ्या, तारीख टाकून पोच द्या.

माझ्या मुलावर मोर्च्यात गुन्हा दाखल झालाय. भरतीत अडचण येईल का?

येऊ शकते, आणि हे कोणी भाषणात सांगत नाही. पोलीस भरती, सैन्य, सरकारी नोकरी, सगळीकडे चारित्र्य पडताळणी असते. ‘गुन्हे मागे घेऊ’ ही घोषणा झाली म्हणजे गुन्हा मागे गेला असं नाही. शासन निर्णय, मग समिती, मग सरकारी वकिलाचा अर्ज आणि शेवटी न्यायालयाची संमती, एवढं सगळं व्हावं लागतं. माझ्या ओळखीचा एक मुलगा मैदानी चाचणीत पहिला आला होता. तीन वर्षांपूर्वीच्या रास्ता रोकोत त्याचं नाव होतं. पुढारी बदलले, त्याची वयोमर्यादा संपली, केस तशीच आहे. अर्जात गुन्हा लपवू नका, लपवलेलं उघड झालं की तेच जास्त नडतं. आणि आंदोलन उभं करणाऱ्यांनी वकिलाची सोय पहिल्या दिवशी करावी, अटक झाल्यावर नाही.

व्हॉट्सॲपवरून जमलेली गर्दी खरी मानायची का?

पाय खरे असतील तर गर्दी खरी. फक्त जुना व्हिडिओ नवा म्हणून फिरत असेल तर त्याच्यावर स्वतःच्या गावचा माणूस पेटू देऊ नका. पाठवणाऱ्याला फोन लावा, हे कुठलं आणि कधीचं ते विचारा.

आमचा प्रश्न छोटा आहे, गावातल्या दारूचा. त्यासाठी आंदोलन कशाला करायचं?

याच प्रश्नावर बायकांनी केलेली आंदोलनं मला सगळ्यात मोलाची वाटतात. दुकानासमोर लाटणी घेऊन उभं राहणं हा उद्रेक. पण त्याला कायद्यात जागा करून घेतली गेली आहे: गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की परवानाधारक दुकान बंद. ‘एकूण’ हा शब्द लक्षात ठेवा. जी बाई त्या दिवशी कापूस वेचायला किंवा ऊसतोडीला गेली, तिचं मत उभ्या बाटलीच्या खात्यावर गेल्यासारखंच होतं. म्हणून मतदानाची तारीख तोडीच्या हंगामात पडू देऊ नका. कोयता, म्हणजे ऊसतोडीला गेलेली माणसं, परत येईपर्यंत थांबा.

ग्रामसभेचंही तसंच. वर्षातून किमान चार व्हायला हव्यात, गणपूर्तीला शंभर किंवा पंधरा टक्के यांतले जे कमी तेवढे मतदार लागतात. आमच्या गावात होतच नाहीत, म्हणाल. मग तीच मागणी घेऊन पंचायतीसमोर बसा.

उद्या आमच्याच फाट्यावर लोक बसले तर पहिल्या तासात काय करायचं?

रुग्णवाहिका आणि बारावीच्या परीक्षेला जाणारी पोरं, यांना वाट काढून द्यायला चार जण नेमा. बोलायला एक बाई आणि एक पुरुष ठरवा, बाकीच्यांनी साहेबांशी एकाच वेळी बोलू नये. मागण्या तीनच लिहा, आणि त्यांतली एक तरी आजच्या आज पूर्ण होण्यासारखी असू द्या. कोणाला गाडीत घातलं तर नाव, वेळ, कोणतं पोलीस ठाणं, हे वहीत टिपून ठेवा. ज्या वस्तीतली माणसं आलेली नाहीत तिथे जाऊन बोलवा. वाट बघत बसू नका.

आणि मिळालेला कागद. त्या म्हातारीच्या गावाने तो मोठ्या कौतुकाने पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवला होता. जूनच्या पहिल्या वळवात शाई उतरली, सही गेली, शिक्क्याचा नुसता निळा डाग राहिला. पुढच्या उन्हाळ्यात साहेब बदलले होते आणि दाखवायला काही नव्हतं. रस्ता सोडण्याआधी त्या कागदाचा फोटो निदान दहा मोबाईलमध्ये जाऊ द्या, एक झेरॉक्स तहसीलच्या आवक विभागात देऊन पोच घ्या, आणि मूळ प्रत गावातल्या ज्या घरचं पत्र्याचं कपाट बंद होतं त्या घरी ठेवा.